रिस्पेरिडोन आणि विस्टर जातीच्या उंदीर-माद्यांचे मदचक्र : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

प्रकल्पाचा विषय आज मार्गदर्शक मॅडमशी बोलून पक्का झाला. अँटिसायकॉटिक, म्हणजे तीव्र मनोविकारांवरील, औषधांचा मादी उंदरांच्या प्रजननावर होणारा विषारी परिणाम हा मूळ विषय फार पसरट होता. तो आवरून एका औषधावर आणला असून ते औषध रिस्पेरिडोन आहे. निवडीमागे दोन कारणे आहेत. नव्या पिढीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औषधांत प्रोलॅक्टिन हे मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक सर्वाधिक वाढवणाऱ्यांत ते मोडते, हे पहिले. अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळाल्यापासून त्याची प्राण्यांवरील सुरक्षितता-माहिती औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात सर्वांना वाचायला उपलब्ध आहे, त्यामुळे शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, हे दुसरे.

या वहीत आराखडा तयार होईपर्यंतच्याच नोंदी ठेवायच्या आहेत. औषध द्यायला सुरुवात झाली की प्रयोगाची नोंदवही वेगळी असेल. आराखड्याच्या टप्प्यावर सोडवायचा प्रश्न असा : औषध दिलेली मादी नराबरोबर ठेवूनही गाभण राहिली नाही, तर तिच्या शरीरात नेमके काय बिघडले हे आपल्याला सांगता येईल का? केवळ ‘प्रजननक्षमता घटली’ एवढे एक वाक्य मिळवण्यासाठी प्राणी वापरणे मला पटत नाही, कारण ते वाक्य माहितीपत्रकांत आधीच छापलेले आहे.

१४ जून २०२४

कार्ययंत्रणा पुन्हा पहिल्यापासून लिहून काढली. हायपोथॅलॅमसमधील आर्क्युएट केंद्रकातून निघणाऱ्या चेतापेशी डोपामिन सोडतात. ते निवाहिका रक्तवाहिन्यांतून पीयूषिका ग्रंथीत पोहोचते आणि तेथील प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या पेशींवरच्या डी-२ ग्राहींना (डोपामिन पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटून त्यांना आवरून धरते. अँटिसायकॉटिक औषध हेच ग्राही अडवते, तेव्हा हा लगाम सुटतो आणि प्रोलॅक्टिन वाढते. पीयूषिका ग्रंथी रक्त-मेंदू अडथळ्याच्या बाहेर असल्यामुळे जे औषध मेंदूत फारसे शिरत नाही तेही येथे पूर्ण जोराने काम करू शकते. सल्पिराइड आणि अमिसल्प्राइड ही त्याची ठळक उदाहरणे. रिस्पेरिडोनपासून शरीरात तयार होणारे ९-हायड्रॉक्सी रूप, म्हणजेच पॅलिपेरिडोन, मेंदूतून बाहेर ढकलले जाते पण पीयूषिकेला मोकळेपणाने भेटते. प्रोलॅक्टिनवाढीत त्याचा वाटा मोठा मानला जातो.

येथपर्यंत स्त्री आणि उंदराची मादी यांच्यात मोठा फरक नाही. फरक पुढे अंडाशयात पडतो आणि या प्रकल्पाचा सगळा भार त्याच फरकावर आहे. उंदराच्या मादीत प्रोलॅक्टिन हे पीतपिंडाला, म्हणजे अंडे सुटल्यावर अंडाशयात उरणाऱ्या आणि प्रोजेस्टेरॉन स्रवणाऱ्या गाठीला, जगवणारे संप्रेरक आहे. नेहमीच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात तयार झालेल्या पीतपिंडाला हा आधार मिळत नाही, म्हणून ते थोडे प्रोजेस्टेरॉन देऊन निकामी होते आणि मादी लगेच पुढच्या चक्राला लागते. समागम झाला, किंवा गर्भाशयमुखाला नुसते उद्दीपन मिळाले, तर प्रोलॅक्टिनच्या रोज दोन लाटा, एक पहाटेच्या आधी आणि एक संध्याकाळी, सुरू होतात. प्रोजेस्टेरॉनचे निष्क्रिय रूप बनवणारे पीतपिंडातील विकर त्या दाबून टाकतात आणि पीतपिंड टिकते. गर्भ नसेल तरी ही अवस्था सुमारे १२ ते १४ दिवस चालते. तिला आभासी गर्भावस्था म्हणतात. डी-२ ग्राही अडवणारे औषध हीच अवस्था नराशिवाय घडवून आणते.

स्त्रीमध्ये पीतपिंडाला सांभाळण्याचे काम प्रोलॅक्टिन करत नाही. ते पीयूषिकेचे ल्युटिनायझिंग संप्रेरक करते आणि गर्भ राहिल्यास गर्भाकडून येणारे एचसीजी हे संप्रेरक. स्त्रीमध्ये वाढलेले प्रोलॅक्टिन हायपोथॅलॅमसमधील किसपेप्टिन पेशींमार्फत पीयूषिकेला चालना देणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाचे स्पंद मंदावते, त्यामुळे पाळी लांबते किंवा बंद होते. एकाच ग्राहीच्या अडवणुकीतून एका प्रजातीत अंडाशय प्रोजेस्टेरॉनने भरून वाहते, तर दुसरीत ते थंड पडते.

२१ जून २०२४

माहितीपत्रकांचे वाचन पूर्ण झाले. मादी उंदरांविषयीचे जे उतारे आमच्या कामाचे आहेत ते येथे उतरवून ठेवतो.

रिस्पेरिडोनबाबत विस्टर उंदरांवरील तीन अभ्यासांत, ज्यांत एक बहुपिढी अभ्यासही होता, प्रति किलो ०.१६ ते ५ मिलिग्रॅम मात्रेत समागम घटला, पण प्रजननक्षमता घटली नाही असे म्हटले आहे. परिणाम मादीकडून असावा असा निष्कर्ष काढला आहे, कारण फक्त नरांना औषध दिलेल्या अभ्यासात समागम बिघडला नव्हता. याच वर्गातील ओलॅन्झापिनच्या पत्रकात मादीची प्रजननक्षमता ३ मिलिग्रॅमला घटल्याचे, ५ मिलिग्रॅमला समागमापर्यंतचा काळ लांबल्याचे आणि अवघ्या १.१ मिलिग्रॅमला डायइस्ट्रस (दोन माजांमधला शांत काळ) लांबून इस्ट्रस (माज) पुढे गेल्याचे नोंदले आहे. क्वेटियापिनमध्ये १० आणि ५० मिलिग्रॅमला अनियमित चक्रे वाढली, ५० मिलिग्रॅमला समागम आणि त्यातून राहणारे गर्भ दोन्ही कमी झाले, तर १ मिलिग्रॅमला काहीच परिणाम नव्हता.

क्वेटियापिनचा उतारा विशेष जपून वाचायला हवा. माणसांत हे औषध प्रोलॅक्टिन फारसे वाढवत नाही, तरी उंदराच्या मादीचे चक्र त्याने बिघडते. त्याची गुंगी आणणारी क्रिया, ग्राहीला पटकन चिकटून पटकन सुटण्याचा गुणधर्म आणि औषध दिल्यानंतरची तात्पुरती प्रोलॅक्टिनवाढ यांपैकी कशाचा वाटा किती, हे निव्वळ चक्राच्या तक्त्यावरून कळत नाही.

२८ जून २०२४

‘समागम घटला पण प्रजननक्षमता घटली नाही’ या वाक्यावर आज बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. दोन निर्देशांकांच्या व्याख्या प्रत्येक अभ्यासात तपासून घ्याव्या लागतात. समागम निर्देशांक म्हणजे नरासोबत ठेवलेल्या माद्यांपैकी किती माद्यांच्या योनिद्रावात शुक्राणू किंवा योनीत गोठलेला खडा आढळला. प्रजनन निर्देशांक मात्र काही जण समागम झालेल्यांपैकी गाभण राहिलेल्यांचा काढतात आणि काही जण नरासोबत ठेवलेल्या एकूण माद्यांपैकी. समजा वीस माद्या नरासोबत ठेवल्या, बारांचा समागम झाला आणि अकरा गाभण राहिल्या. पहिल्या व्याख्येने प्रजनन निर्देशांक सुमारे ९२ टक्के येतो आणि औषध निर्दोष दिसते, दुसऱ्या व्याख्येने तो ५५ टक्के येतो आणि औषध घातक दिसते. माद्या त्याच, आकडे त्याच प्रयोगाचे.

आमच्या अहवालात दोन्ही आकडे छेदासह द्यायचे ठरवले. शिवाय समागम न झालेली मादी ही ‘अपयशी मादी’ म्हणून एका रकान्यात टाकून मोकळे व्हायचे नाही. ती माजावर आलीच नाही, की माजावर येऊनही तिने नराला स्वीकारले नाही, हे वेगळे लिहायचे. नर मागे लागला असता पाठ खाली घेऊन शेपटी बाजूला करणे ही मादीची प्रतिक्रिया गुंगीमुळे किंवा स्नायूंच्या ताठरपणामुळे दबू शकते आणि अशी मादी अंडाशयाच्या दृष्टीने पूर्ण निरोगी असू शकते.

५ जुलै २०२४

नियमांची जुळणी केली. भारताच्या २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमावलीतील मादी-प्रजननक्षमता अभ्यासाची चौकट अशी आहे : उंदीर ही पसंतीची प्रजाती, तीन चढत्या मात्रा, प्रत्येक गटात किमान १५ नर व १५ माद्या आणि माद्यांना समागमापूर्वी १४ दिवस औषध. प्रजननावरील विषारी परिणामांच्या चाचण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय एस-५ मार्गदर्शिकेची २०२० मधील आवृत्तीही माद्यांसाठी समागमाआधी किमान दोन आठवडे आणि पुढे गर्भरोपणापर्यंत, म्हणजे गर्भ गर्भाशयात रुजेपर्यंत, औषध द्यायला सांगते. आमचा अभ्यास नियामक अर्जासाठी नसून विद्यापीठाच्या पदवीसाठी आहे, त्यामुळे चौकट जशीच्या तशी उचलण्याचे बंधन नाही. मात्र ती का तशी आहे हे समजून घेतल्याशिवाय तिच्यापासून दूर जाणेही योग्य नाही.

१५ जुलै २०२४

प्राणीगृहात योनिद्रावाच्या स्मिअरचा, म्हणजे काचपट्टीवर घेतलेल्या नमुन्याचा, सराव सुरू झाला आहे. पैदाशीच्या साठ्यातील औषध न दिलेल्या माद्या यासाठी वापरायला परवानगी आहे. प्राणीगृहातील मामांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगितली : ड्रॉपरचे टोक आत घुसवायचे नाही, तोंडाशीच ठेवायचे. त्यांना गर्भाशयमुखाच्या उद्दीपनाचे शास्त्र कोणी शिकवले नसेल, पण ‘जास्त खोल गेलात तर ती दोन आठवडे थंड बसते’ हे त्यांनी अनेक विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत पाहिलेले आहे. आमच्या प्रकल्पात हा इशारा जिवावरचा आहे. नियंत्रण गटातील मादीला आमच्याच ड्रॉपरने आभासी गर्भावस्था आली, तर औषधाचा परिणाम आणि हाताचा परिणाम एकमेकांत मिसळून जातील. म्हणून स्मिअर घेणारी व्यक्ती सर्व गटांसाठी एकच राहील, टोक बोथट आणि जास्तीत जास्त काही मिलिमीटर आत जाईल, आणि वेळ सकाळी नऊ ते दहा यांच्यातच असेल.

पद्धत तशी सोपी आहे. मादीला एका हातात उताणी धरायची, मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे थेंब सोडून लगेच परत ओढून घ्यायचे आणि काचपट्टीवर ठेवून न रंगवताच दहापट आणि चाळीसपट भिंगाखाली पाहायचे. प्रोइस्ट्रसच्या, म्हणजे माजाच्या आधीच्या अवस्थेच्या, सकाळी गोल, केंद्रक स्पष्ट दिसणाऱ्या पेशींचे झुबके असतात. इस्ट्रसला केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या चपट्या पेशी सगळीकडे पोह्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. मेटइस्ट्रसला, म्हणजे माज सरल्यावर, त्यांच्यात पांढऱ्या पेशी मिसळू लागतात आणि डायइस्ट्रसला बारीक पांढऱ्या पेशींचेच राज्य असते. शंका येते ती दोन अवस्थांच्या सीमेवर. तेथे आदल्या आणि पुढच्या दिवसाची पट्टी शेजारी ठेवून निर्णय करावा लागतो, एकट्या पट्टीवर कधीच नाही. म्हणूनच रोजच्या पट्ट्या मिथिलीन ब्ल्यूने रंगवून जपून ठेवायच्या आणि कोणत्या गटाची मादी आहे हे माहीत नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून शेवटी पुन्हा वाचून घ्यायच्या.

प्रयोगात घेण्यापूर्वी प्रत्येक मादीची सलग दोन नियमित चक्रे दिसली पाहिजेत, अशी अट घातली.

१८ जुलै २०२४

प्रकाशाच्या वेळापत्रकाबद्दल छोटी पण महत्त्वाची नोंद. प्राणीगृहात बारा तास उजेड आणि बारा तास अंधार टायमरवर आहे, पण वीज गेली की टायमर मागे पडतो आणि पावसाळ्यात वीज जातेच. सतत उजेडात ठेवलेली मादी कायम इस्ट्रसमध्ये अडकते, हे जुने आणि पक्के निरीक्षण आहे. आम्हाला अपेक्षित असलेला परिणाम नेमका उलट, म्हणजे डायइस्ट्रस लांबण्याचा आहे. टायमर बिघडला तर दोन विरुद्ध ओढी एकाच तक्त्यात येतील. बॅटरीवर चालणारा टायमर बसवण्याची विनंती विभागाकडे दिली. आर्द्रतेचा आकडाही रोज लिहायचा आहे. पुण्याच्या जुलैत तो ७० टक्क्यांच्या वर जाऊ न देणे हे काम यंत्रापेक्षा माणसांच्या लक्षावर अवलंबून आहे.

२९ जुलै २०२४

आजची नोंद माझ्या मते संपूर्ण आराखड्याचा कणा आहे.

नेहमीच्या पद्धतीत मादीला नरासोबत जास्तीत जास्त दोन आठवडे ठेवतात. सामान्य मादी या काळात साधारण तीन वेळा माजावर येते, म्हणजे पहिली रात्र हुकली तरी तिला आणखी दोन संधी असतात. औषधामुळे आभासी गर्भावस्थेत गेलेली मादी मात्र १२ ते १४ दिवस माजावर येतच नाही. दोन आठवड्यांच्या खिडकीत तिच्या वाट्याला फार तर एक रात्र येते, आणि औषध चालूच असल्यामुळे त्या रात्रीच्या अंडमोचनानंतर पुन्हा नवीन आभासी गर्भावस्था सुरू होऊ शकते. ती एकमेव रात्र खिडकीच्या आत पडली की बाहेर, हा निव्वळ वेळेचा खेळ आहे. बाहेर पडली तर अहवालात ‘समागम झाला नाही’ असे येईल.

म्हणजे समागम निर्देशांकातील घट ही अंशतः प्रयोगाच्या कालमर्यादेची निर्मिती असू शकते. रिस्पेरिडोनच्या पत्रकातील वाक्य या नजरेने वाचले की सुसंगत वाटते : ज्यांना ती रात्र मिळाली त्या नेहमीप्रमाणे गाभण राहिल्या. हा माझा अर्थ आहे, पत्रकात तसे कारण दिलेले नाही. पण तो तपासता येण्याजोगा आहे आणि प्रकल्पाने तेच करावे असे मॅडमनाही पटले.

त्यासाठी काय बदलायचे? खिडकी लांबवणे हा पहिला विचार होता. परंतु खिडकी लांबवली की नियंत्रण गटाशी आणि जुन्या अभ्यासांशी तुलना विस्कटते. त्याऐवजी दोन आठवड्यांची खिडकी तशीच ठेवायची, पण नरासोबत असतानाही रोज स्मिअर घ्यायचा आणि प्रत्येक मादीसाठी ‘उपलब्ध माजाच्या रात्री’ मोजायच्या. मग समागमांची संख्या माद्यांच्या संख्येने नव्हे, तर या रात्रींच्या संख्येने भागूनही पाहायची. हे गुणोत्तर औषध गटात आणि नियंत्रण गटात सारखे आले, तर दोष माजाच्या वारंवारितेचा. ते घटलेले आले, तर मादीच्या वर्तनाकडे बोट जाते.

७ ऑगस्ट २०२४

मात्रा ठरवल्या. माणसाला दिवसाला ४ मिलिग्रॅम ही सामान्य उपचारमात्रा धरली, तर साठ किलोच्या व्यक्तीस ती प्रति किलो ०.०६७ मिलिग्रॅम होते. शरीरपृष्ठाच्या आधारावर उंदरासाठी ६.२ ने गुणले की सुमारे ०.४ मिलिग्रॅम येते. हीच मधली मात्रा. खालची तिच्या चौथाई, ०.१ मिलिग्रॅम, जी माहितीपत्रकातील परिणामकारक ०.१६ च्या थोडी खाली आहे आणि परिणाम नसलेली मात्रा सापडण्याची आशा तेथेच आहे. वरची चौपट, १.६ मिलिग्रॅम.

येथे एक तांत्रिक अडचण आहे जी बहुतेक विद्यार्थी-प्रकल्पांत लक्षात घेतली जात नाही. उंदराचे यकृत ही औषधे माणसापेक्षा कितीतरी वेगाने संपवते. हॅलोपेरिडोल या जुन्या अँटिसायकॉटिकचा अर्धायुकाल (रक्तातील औषध निम्मे होण्याचा काळ) माणसात दिवसाच्या आसपास, तर उंदरात दीड तासाच्या आसपास आहे. माणसात परिणामासाठी मेंदूतील डी-२ ग्राहींपैकी ६५ ते ८० टक्के सतत व्यापलेले असतात. दिवसातून एकदाच नळीने औषध दिलेल्या उंदरात हे प्रमाण काही तास शिखरावर असते आणि मग जवळपास मोकळे होते. त्वचेखाली बसवायचा सूक्ष्म पंप हा त्यावरचा उत्तम उपाय, पण खर्च आणि शस्त्रक्रिया दोन्ही आमच्या आवाक्याबाहेर आहेत. तडजोड म्हणून मात्रा दोन भागांत, सकाळी स्मिअरनंतर आणि संध्याकाळी, तोंडावाटे नळीने द्यायची. रिस्पेरिडोन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ०.५ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये रोज ताजे मिश्रण करायचे आणि नियंत्रण गटालाही तेच द्रव तितक्याच वेळा द्यायचे.

वजन आणि खाणे रोज मोजणे अनिवार्य केले. उपासमार झालेल्या मादीचे चक्र औषधाशिवायही थांबते. गंमत अशी की अँटिसायकॉटिक औषधांवर मादी उंदरांचे वजन बहुधा वाढते आणि नरांचे तसे वाढत नाही. त्यामुळे येथे दोन्ही दिशांनी सावध राहावे लागेल.

१९ ऑगस्ट २०२४

प्रोलॅक्टिन मोजण्याचा प्रश्न. शेजारच्या विभागात माणसांसाठीचे एलायझा किट उपलब्ध आहे, परंतु उंदराचे प्रोलॅक्टिन त्याने मोजता येणार नाही. प्रथिनाची रचना पुरेशी वेगळी आहे. उंदरासाठीचे स्वतंत्र किट मागवावे लागेल आणि अर्थसंकल्पातील सर्वांत मोठी बाब तीच ठरणार आहे.

त्याहून कठीण भाग रक्त घेण्याचा आहे. पकडणे, ईथर, अनोळखी खोली, यांपैकी कशानेही ताण येऊन प्रोलॅक्टिन काही मिनिटांत उसळते. प्रोइस्ट्रसच्या दुपारी ते आपोआपच उसळते. त्यामुळे एकच नमुना घेऊन ‘औषधाने प्रोलॅक्टिन इतके वाढले’ असे म्हणणे धाडसाचे होईल. ठरले ते असे : माद्यांना आधी किमान आठवडाभर हाताळून शेपटीतून रक्त घेण्याच्या स्थितीची सवय लावायची, नमुना सकाळच्या मात्रेनंतर ठरावीक वेळेला आणि फक्त डायइस्ट्रसच्या पट्टीच्या दिवशी घ्यायचा, आणि त्याच नमुन्यातून प्रोजेस्टेरॉनही मोजायचे. माझ्या दृष्टीने प्रोजेस्टेरॉनचा आकडा प्रोलॅक्टिनपेक्षा अधिक बोलका आहे, कारण तो पीतपिंड खरोखर जिवंत आहे का ते थेट सांगतो.

२ सप्टेंबर २०२४

विभागाच्या शिकवण्याच्या संग्रहातील जुन्या ऊतिपट्ट्या काढून पाहिल्या. निमित्त असे की लांबलेला डायइस्ट्रस स्मिअरमध्ये एकच दिसतो, पण त्यामागे दोन अगदी भिन्न अवस्था असू शकतात. आभासी गर्भावस्थेत अंडाशयात मोठी, फुगलेल्या पेशींची पीतपिंडे असतात, प्रोजेस्टेरॉन चढे असते आणि योनीचा वरचा थर श्लेष्माने भरलेल्या उंच पेशींचा बनतो. अंडाशय खरोखर दबलेले असेल तर पीतपिंडे नसतात किंवा आक्रसलेली असतात, प्रोजेस्टेरॉन उतरलेले असते, गर्भाशय दोऱ्यासारखे बारीक होते आणि योनीचा थर दोन-तीन पेशींवर येतो. पहिल्या अवस्थेतील श्लेष्मल थर शिकवण्याच्या पट्टीवर हेमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या रंगात फिकट, फेसाळ दिसला. एकदा डोळ्यांत बसल्यावर तो चुकण्यासारखा नाही.

आभासी गर्भावस्था सिद्ध करण्याची जुनी कसोटी वेगळी होती. चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयाच्या आतील थराला ओरखडा काढायचा. प्रोजेस्टेरॉनने तयार झालेला थर त्या जागी गाठीसारखा वाढून उत्तर देतो. कसोटी नि:संशय देखणी आहे, पण त्यासाठी पोट उघडावे लागते. वरची तीन लक्षणे एकत्र मिळाली तर तिची गरज उरत नाही, म्हणून ती आराखड्यातून वगळली.

स्तनग्रंथीचा तुकडाही घ्यायचा ठरला. कधीही व्यायलेली नसलेल्या मादीच्या ग्रंथीत दूध-कोष्ठिका वाढून त्यांत स्राव दिसणे हा प्रोलॅक्टिनच्या दीर्घ परिणामाचा स्वस्त आणि विश्वासार्ह पुरावा आहे.

११ सप्टेंबर २०२४

ॲरिपिप्राझोल या आणखी एका अँटिसायकॉटिकच्या माहितीपत्रकातील उतारा आज नव्या नजरेने वाचला. हे औषध डी-२ ग्राहीला पूर्ण अडवत नाही, अर्धवट चालना देते, आणि माणसांत प्रोलॅक्टिन बहुधा कमी करते. तरीही माद्यांना समागमाआधी दोन आठवड्यांपासून गर्भाच्या सातव्या दिवसापर्यंत २, ६ आणि २० मिलिग्रॅम दिल्यावर तिन्ही मात्रांत चक्रे अनियमित झाली आणि पीतपिंडांची संख्या वाढली, प्रजननक्षमता मात्र शाबूत राहिली. ६ आणि २० मिलिग्रॅमला गर्भरोपणापूर्वीची हानी वाढली.

पीतपिंडे वाढली म्हणजे अंडी जास्त सुटली, असा सरळ अर्थ लावण्याचा मोह होतो. परंतु उंदरात प्रोलॅक्टिनची दुसरीही भूमिका आहे. प्रोइस्ट्रसची लाट मागच्या चक्रांतील जुन्या पीतपिंडांचा नायनाट करते. प्रोलॅक्टिन दाबणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिन या औषधाने ही लाट थांबवली की जुनी पीतपिंडे अंडाशयात साचत जातात. ॲरिपिप्राझोलने तेच घडत असेल, तर वाढलेली संख्या ही न आवरलेल्या जुन्या पीतपिंडांची असेल. आणि तसे असेल तर गर्भरोपणापूर्वीची हानी, जी पीतपिंडे वजा रोपित गर्भ अशी काढली जाते, तीही अंशतः मोजणीतूनच फुगलेली असू शकते. हा अंदाज आहे, पण त्यातून आमच्यासाठी एक ठोस नियम निघाला : पीतपिंडे मोजताना ताजी आणि जुनी वेगळी लिहायची, आणि शंका असेल तेथे ऊतिछेद पाहूनच आकडा मान्य करायचा.

२३ सप्टेंबर २०२४

पिल्लांचा भाग आराखड्यातून काढला. रिस्पेरिडोनच्या माहितीपत्रकात ०.१६ ते ५ मिलिग्रॅमला स्तनपानाच्या पहिल्या चार दिवसांत पिल्लांचे मृत्यू वाढल्याचे दिले आहे आणि ते पिल्लांवरील थेट परिणामामुळे की आईवरील परिणामामुळे, हे स्पष्ट झाले नव्हते. डोपामिन अडवणाऱ्या औषधांवरील आई पिल्ले तोंडात उचलून घरट्यात आणत नाही, घरटे नीट बांधत नाही, हे चांगले प्रस्थापित आहे. हा गुंता सोडवायला पिल्लांची अदलाबदल करून निरोगी आयांकडे वाढवणे, हाच खरा मार्ग. तो स्वतंत्र प्रकल्प आहे. आमच्या माद्यांचे विच्छेदन गर्भाच्या तेराव्या दिवशी होईल. तोवर रोपणाच्या जागा मोजता येतात आणि एकही पिल्लू जन्माला घालावे लागत नाही.

४ ऑक्टोबर २०२४

चर्चेचा मसुदा लिहायला घेतला, कारण कोणता निष्कर्ष काढायचा नाही हे आधी ठरलेले बरे. उंदराच्या मादीतील आभासी गर्भावस्था ही उंदराची गोष्ट आहे, स्त्रीमध्ये तिला समांतर काही नाही, म्हणून हा सगळा परिणाम ‘प्रजाती-विशिष्ट’ म्हणून बाजूला सारावा, असे काही ठिकाणी वाचायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. पीतपिंडाचा भाग उंदराचा आहे. ग्राही अडवला जाणे आणि प्रोलॅक्टिन वाढणे हा भाग दोघींचा आहे, आणि रिस्पेरिडोन घेणाऱ्या स्त्रियांत पाळी चुकणे व स्तनातून दूध येणे हे दवाखान्यात रोज दिसणारे परिणाम आहेत. अशा स्त्रीचे औषध बदलून प्रोलॅक्टिन न वाढवणारे दिले की अंडमोचन परत सुरू होते आणि अपेक्षा नसताना दिवस जाऊ शकतात. उपचार बदलताना हे सांगायला हवे, पण ते नेहमी सांगितले जातेच असे नाही.

याच ओघात एक जुना धागा सापडला. सर्पगंधेतील रिसर्पिन हे मनोविकारांवर वापरल्या गेलेल्या पहिल्या औषधांपैकी एक. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले आणि काही वर्षांत ते मनोरुग्णालयांत पोहोचले. रिसर्पिन ग्राही अडवत नाही, डोपामिनचा साठाच रिकामा करते. तरी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रिसर्पिन आणि ग्राही अडवणारे क्लोरप्रोमाझिन या दोघांनीही मादी उंदरांत आभासी गर्भावस्था येते असे दाखवले गेले. दोन वेगळ्या वाटांनी जाणारी औषधे एकाच ठिकाणी पोहोचतात, तेव्हा मधला दुवा डोपामिन आहे हे मानायला बळ मिळते. प्रस्तावनेत हा परिच्छेद ठेवणार आहे.

१४ ऑक्टोबर २०२४

संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीने अर्जावर दोन शेरे दिले. पहिला, चारही गटांत एकदम समागमाचा टप्पा कशासाठी. दुसरा, ब्रोमोक्रिप्टिन दिलेला जोड-गट का नाही, ज्यात प्रोलॅक्टिन खाली आणून चक्र पूर्ववत होते का हे दिसले असते.

पहिला शेरा रास्त आहे आणि त्यानुसार काम दोन पायऱ्यांत विभागले. आधी सर्व गटांत फक्त चक्र, संप्रेरके आणि काही माद्यांचे ऊतिपरीक्षण होईल. ज्या सर्वांत खालच्या मात्रेला चक्र स्पष्ट बदलते, तीच एक मात्रा आणि नियंत्रण गट समागमाच्या पायरीवर जातील. दुसऱ्या शेऱ्याला उत्तर असे लिहिले की जोड-गट पहिल्या पायरीत, लहान संख्येने, घेऊ. समागमाच्या पायरीत मात्र तो निरुपयोगी आहे, कारण ब्रोमोक्रिप्टिन समागमानंतरचे प्रोलॅक्टिनही दाबते, पीतपिंडाचा आधार जातो आणि गर्भरोपणच होत नाही. तेथे मिळणारे अपयश रिस्पेरिडोनचे नसून ब्रोमोक्रिप्टिनचेच असेल.

दोन आठवड्यांत समागम न झालेल्या माद्यांचे काय करायचे, हेही सुधारित अर्जात स्पष्ट केले. त्यांचे औषध बंद करून रोजचा स्मिअर चालू ठेवायचा आणि पहिला प्रोइस्ट्रस दिसेल त्या संध्याकाळी त्याच नराकडे परत सोडायचे. किती दिवसांनी माज परतला आणि त्या रात्री समागम होऊन गर्भ राहिला का, हे दोन रकाने अहवालात समागम निर्देशांकाच्या लगेच खाली येतील. सुधारित अर्ज आज दाखल केला. मंजुरी आल्यावर आठ ते दहा आठवड्यांच्या, नराशी संपर्क न आलेल्या माद्यांची मागणी नोंदवायची आहे आणि त्याआधी बॅटरीचा टायमर बसला आहे का ते पाहायचे आहे.